दुधाच्या पिशवीचा कोपरा

नमस्कार, श्रोतेहो.

रोज सकाळी दुधाची पिशवी फोडताना आपण कात्रीने तिचा कोपरा उडवतो. नखाएवढा तुकडा. पिशवी धुऊन वाळत घातली तर भंगारवाला ती वजनावर घेतो, पण त्या तुकड्याला कोणी विचारत नाही. तो ओट्यावर पडतो, मेथीच्या काड्यांबरोबर गोळा होऊन ओल्या कचऱ्यात जातो आणि तिथून खतात. खत चाळताना सापडला तर ठीक, नाही तर थेट मातीत. यावर उपाय म्हणजे कोपरा पुरता कापायचाच नाही. नुसती चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्यायचा. झालं.

ही गोष्ट कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते. फलकावर असतं, ‘आपले शहर, स्वच्छ शहर’. तो फलकही फ्लेक्सचा. महिन्याभराने त्याचं काय होतं, ते न विचारलेलंच बरं.

कचरा कमी करायला शिकवायचं तर घोषणा पुरत नाहीत, वस्तू हातात घेऊन दाखवावी लागते. आणि हे ज्यांना सगळ्यात चांगलं येतं, त्या बाया आपल्या दारात रोज सकाळी येतात. आपण त्यांच्या हातात डबा देतो आणि दार लावून घेतो.

आपल्या पुण्यात 1993 साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागले. त्यात बहुतेक बायकाच. पुठ्ठा कधी विकला जातो, तेल लागलेला का जात नाही, बिस्किटाच्या चकचकीत पुड्याला भाव का नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं पोटच त्यावर आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हेही पुण्यात त्यांच्यासाठीच सुरू झालं. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्या, पॅड आणि डायपर गुंडाळून द्या, असं 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं गेलं. पण ते पुडकं उघडू नये हे वर्गीकरण करणाऱ्या हाताला कळणार कसं? ठिपक्यामुळे कळतं. ठिपका घरातल्या पुरुषांनाही काढता येतो, पेन सगळ्यांकडे असतं.

आपला न निवडलेला कचरा वर्षानुवर्षं शहराबाहेर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांजवळच्या कचरा डेपोत जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. 2017 च्या उन्हाळ्यात डेपो पेटला आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. मग आपण नाकाला रुमाल लावून तक्रारी केल्या. गावकऱ्यांचं काय चुकलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता ओल्या कचऱ्याकडे येऊ. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तोच असतो. खत करा म्हटलं की पहिली हरकत येते, वास येतो हो! वास येतो तो पाणी जास्त झाल्यामुळे. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. भाजीचे देठ, साली बारीक चिरून टाका. अख्खी कणसं आणि आंब्याच्या कोयी कुजायला फार वेळ लावतात. प्रत्येक थरावर मूठभर वाळलेली पाने, सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा कोणाकडचं तयार खत. उरलेली आमटी त्यात ओतू नका, ती मुळात उरणार नाही असा अंदाज घ्या. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवायचं. मग मूठभर घेऊन दाबून पाहा. पाणी गळलं तर अजून पाने घाला, भुगा सुटला तर पाण्याचा हबका मारा. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या तुमचंच काम करताहेत. दीड-दोन महिन्यांत काळंभोर खत होतं आणि त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो.

सोसायटीत गांडूळखताचा प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. चालू असेल तर, बरं का. काही ठिकाणी बिल्डरने दिलेलं यंत्र कुलपात असतं आणि किल्ली कोणाकडे आहे यावर तीन सभा झालेल्या असतात.

तेव्हा एक सुचवतो. यंदा गणपतीत संगीतखुर्ची होईल, पाककृती स्पर्धाही होईल. त्यातली एक संध्याकाळ आपल्या कचरा नेणाऱ्या ताईंना द्या. आरतीनंतर, मुलांना पुढे बसवून. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि मानधनही द्या. त्यांचा वेळ फुकटचा नाही. निर्माल्य कसं वेगळं ठेवायचं तेही त्यांनाच विचारा, विसर्जनाच्या घाटांवर ते गोळा करणाऱ्यांत याच बाया असतात. आणि सगळ्यांसमोर, वर्तमानपत्र अंथरून, एका घरचा डबा रिकामा करून त्यांच्याकडून निवडून घ्या. कोणाचा डबा, यावर वाद नको. सचिवांचाच घ्या.

नमस्कार.