चुलीवरचा बूट

(चित्रपटाच्या खेळाआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. खेळ सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे. आता मी ज्याविषयी बोलणार आहे ते जेवणाखाण्याचंच आहे, पण रुचकर नाही. बाहेर वडे खाऊन जे आत आलेत त्यांनी जरा सावरून बसावं.

चार्ली चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’मधला बूट खाण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, निदान मोबाइलवर तुकड्यानं. सगळे हसतात. मला आज एवढंच विचारायचंय, की तो बूट त्या पातेल्यात आला कुठून?

चॅप्लिन एकदा डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड या चित्रतारकांच्या घरी गेला होता. तिथे स्टिरिओस्कोप होता, म्हणजे दोन भिंगांतून फोटो बघायचं यंत्र. त्यात त्याला चिलकूट खिंडीचा फोटो दिसला. ही खिंड कॅनडातल्या क्लॉन्डाइकच्या वाटेवरची. १८९६मध्ये क्लॉन्डाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे लाखभर माणसं तिकडे धावली. वर्षभराचं सामान बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडत नसत. ते सामान जवळपास टनभर भरायचं, म्हणून एकच चढ माणसं पंचवीस-तीस वेळा चढायची. फोटोत पांढऱ्याशुभ्र उतारावर काळ्या मुंग्यांची रांग लागावी तशी ती दिसतात.

पण बूट त्या फोटोतला नाही. तो दुसऱ्या वाचनातून आला, डोनर पार्टीच्या हकिकतीतून.

१८४६च्या वसंतात इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डहून डोनर आणि रीड ही कुटुंबं बैलगाड्या जुंपून कॅलिफोर्नियाकडे निघाली. वाटेत आणखी माणसं मिळत गेली आणि ताफा ८७ जणांचा झाला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थानं जवळची वाट म्हणून जी सांगितली होती ती त्यांनी धरली. आधी डोंगरात झाडं तोडून गाडीरस्ता करावा लागला, मग मिठाचं वाळवंट आलं, बैल मेले. सिएरा नेवाडाच्या खिंडीखाली पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता आणि बर्फ पडायला लागलं. आज तिथे जे स्मारक आहे त्याचा चौथराच २२ फुटांचा आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तितकं साचलं होतं.

त्यांनी आधी गुरं खाल्ली, मग कुत्री, मग गुरांची कातडी. केस जाळून, खरवडून ती उकळायची आणि खळीसारखा जो लगदा होईल तो गिळायचा. एका झोपडीत विस्तवापुढे अंथरलेली कातडी पोरांनी रोज थोडी थोडी कापून भाजून खाल्ली. डिसेंबरात काही जण मदत आणायला पायी निघाले. शेवटपर्यंत चालत राहिले ते पंधरा, पलीकडे जिवंत पोचले सात, आणि त्या सातांत पाच बायका होत्या. वाटेत त्यांनी मेलेल्यांना खाल्लं. बरोबरचे दोघे मिवोक या आदिवासी जमातीचे वाटाडे, लुईस आणि साल्वादोर, यांना तर मारून खाल्लं. याबद्दल बोलताना पुष्कळ जण ‘मेलेल्यांना खाल्लं’ इथेच थांबतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चॅप्लिननं आत्मचरित्रात याचे आकडे दिलेत ते चुकीचे आहेत. १६० माणसं, वाचली १८, असं तो लिहितो. प्रत्यक्षात ८७पैकी निम्म्याहून जास्त वाचली. ऐकलेली भयकथा मनात मुरली की फुगतेच. पण एक गोष्ट तो बरोबर टिपतो: काहींनी भुकेपोटी पायातली मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचे जोडे, भाजून खाल्ली. झालं, बूट सापडला. तिथेच तो म्हणतो की विनोद रचताना शोकांतिकाच थट्टेला उठवते. निसर्गापुढे आपण हतबल असतो, तेव्हा हसायचं, नाहीतर वेड लागायचं.

वाक्य चांगलं आहे, पण मला ते पुरत नाही. हतबल माणूस नुसता दाखवला तर आपण हळहळतो, हसत नाही. हसू कुठे येतं ते पातेल्यापाशी जाऊन बघायला हवं.

दिवस थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे तिकडच्या मेजवानीचा. बाहेर वादळ. चार्ली बूट उकळतोय. काटा टोचून शिजलाय का बघतो, वरून पळीनं रस्सा घालतो. मग थाळीत काढून वरचं चामडं आणि तळ असे दोन भाग करतो. खिळ्यांचा तळ तो झोपडीतल्या जोडीदारापुढे, बिग जिमपुढे ठेवतो, पण जिम थाळ्या बदलतो, कारण चामड्याचा वाटा मोठा दिसतो. मग चार्ली खिळे हाडांसारखे चोखतो आणि नाड्या काट्याला गुंडाळून शेवयांसारख्या खातो. कोंबडीचं दुबेळक्यासारखं हाड दोघांनी ओढायचं आणि मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी, असा तिकडे खेळ आहे. चार्ली एक वाकडा खिळा करंगळीत अडकवून जिमपुढे तसाच धरतो.

आपल्याकडे म्हणतात, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक काहीही चालवून घेते. चार्ली कोंडा खातो, पण पान मांडून. आपण हसतो ते त्या पंगतीला.

आणि ही पंगत त्या खिंडीखालच्या डोनर सरोवराकाठीही होती. मार्गारेट रीड आपल्या चार मुलांसह तिथे अडकली होती. तिनं मूठभर वाळवलेली सफरचंदं, थोडा घेवडा, जराशी वजडी आणि बेकनचा एक तुकडा कितीतरी आठवडे लपवून ठेवला आणि नाताळच्या दिवशी शिजवला. मुलगी व्हर्जिनियानं पुढे लिहून ठेवलंय, की पातेलं उकळताना आई म्हणाली, मुलांनो, सावकाश खा, सगळ्यांना पुरेल. ही आई आणि तो चार्ली मला तरी एकाच चुलीपाशी बसलेले दिसतात. फरक इतकाच, की तिच्या पातेल्यात खरंच अन्न होतं.

चित्रणातला बूट ज्येष्ठमधाचा होता. प्रसंगाला तीन दिवस लागले, ६३ वेळा चित्रण झालं. ज्येष्ठमध आपल्याला खोकल्यावरचं म्हणून माहीत आहे. इतकं खाल्ल्यावर ते पोटात काय करतं हे चॅप्लिन आणि जिम झालेला मॅक स्वेन यांना त्या तीन दिवसांत कळलं.

आता खरी अवघड जागा. बूट खाल्ला, पण माणूस खाण्याचं काय? चॅप्लिननं ते टाळलेलं नाही. भुकेनं भ्रमिष्ट झालेल्या जिमला समोर चार्लीच्या जागी माणसाएवढी कोंबडी दिसते. पोशाखात चॅप्लिन स्वतःच आहे. कॅमेरा थांबवायचा, फिल्म मागे घ्यायची, पोशाख बदलून नेमकं त्याच जागी उभं राहायचं, असं ते केलंय. यातली हुशारी तंत्रापेक्षा नजरेत आहे. आपल्याला दिसतं ते खाणाऱ्याच्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांना समोर माणूस उरलेलाच नसतो. याहून भीषण गोष्ट त्या सबंध हकिकतीत नाही, आणि इथे थिएटर हसून लोळतं. चार्ली बंदूक बर्फात पुरतो तेव्हा पायानं बर्फ मागे उडवतो, हुबेहूब कोंबडीसारखा. तो स्वतःही अर्धा कोंबडी झालाय. पुढे अस्वल येतं म्हणून सुटका होते.

हे मूकपटातच जमतं असं माझं मत आहे. जिमचा आवाज ऐकू आला असता तर आपण घाबरलो असतो. १९४२मध्ये चॅप्लिननं याच चित्रपटाला संगीत आणि स्वतःच्या आवाजातलं निवेदन जोडलं. संगीत सुंदर आहे; निवेदन मला खटकतं. चिमटा काढून झाल्यावर कुठे काढला ते सांगितल्यासारखं वाटतं. आज आपण १९२५चा मूळ चित्रपट बघतोय.

‘इतक्या वर्षांनी कशावरही विनोद चालतो’ असं कुणी म्हणेल. काळाचं अंतर लागतं हे खरं. नाझी छळछावण्यांत काय चाललंय ते तेव्हा माहीत असतं तर हिटलरची टर उडवणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ केलाच नसता, असं चॅप्लिननंच लिहिलंय. पण अंतर म्हणावं तितकं नव्हतं. डोनर सरोवरावर आईच्या कुशीत असलेली इझाबेला ब्रीन १९३५पर्यंत जगली. ‘द गोल्ड रश’ पडद्यावर आला तेव्हा ती कॅलिफोर्नियातच होती.

आणि चित्रणही तिथेच झालं, त्या सरोवरापासून काही मैलांवरच्या ट्रकी गावाजवळ. खिंड चढणाऱ्या गर्दीसाठी १९२४च्या वसंतात सुमारे सहाशे माणसं रेल्वेनं आणली, बरीचशी सॅक्रामेंटोच्या रस्त्यांवरची, बेघर, बेकार. बाकीचं बर्फ बहुतेक स्टुडिओतलं, मिठाचं आणि पिठाचं. सुरुवातीला जी रांग दिसेल ती मात्र खऱ्या बर्फातली आणि खऱ्या भणंगांची आहे. ती लवकर संपते, म्हणून आल्या आल्या मोबाइल बघत बसू नका.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. बूट खाऊन झाला की चॅप्लिन तो विसरत नाही. पुढच्या प्रसंगी चार्लीला कुठूनतरी नवा जोड मिळाला, असं होत नाही. गावातल्या नाचघरात तिथली नर्तकी जॉर्जिया त्याला नाचायला घेईल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघू नका, खाली बघा. त्याच्या एका पायाला फडकी गुंडाळलेली आहेत.

दिवे घालवा.