डाएट चार्टच्या पुढचं काम

(दृश्य : छोटी कन्सल्टिंग रूम. टेबलावर तीन मापांच्या वाट्या, चमचे, बाजूला वजनकाटा.)

समोर बसलेल्या काकूंची एचबीएवनसी, म्हणजे मधुमेहाची रक्ततपासणी, 8.4 आली आहे, बरीच जास्त. आहारतज्ज्ञ विचारते, "काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं, सांगा बरं."

"काही नाही हो मॅडम. काल एकादशी होती. उपवासच होता."

मग एकेक गोष्ट बाहेर येते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा चिवडा, रात्री राजगिऱ्याचे दोन लाडू. चहा झाला तितक्या वेळा. आहारतज्ज्ञ वाट्या पुढे सरकवते. "खिचडी यातल्या कुठल्या वाटीनं?" काकू सगळ्यात मोठी वाटी उचलतात आणि म्हणतात, "दोनदा घेतली."

इथवर पोहोचायला वीस मिनिटं लागली. आहारतज्ज्ञाची खरी फी या वीस मिनिटांची असते, आणि नेमकी तीच मागताना नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुली अडखळतात.

(दृश्य : दवाखान्यांच्या पाट्या, संध्याकाळची गर्दी.)

पेशंटची वानवा मुळीच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेह पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की देशात मधुमेह असलेले लोक 10 कोटींच्या वर आहेत. सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के. तरीही एम.एस्सी. झालेल्या, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा पास झालेल्या कितीतरी जणी वर्षा-दोन वर्षांत खोली सोडून परत हॉस्पिटलच्या नोकरीकडे वळतात. त्यांच्या ज्ञानात काही कमी नसतं. त्या विकत असतात कागद. एकदा भेट, एक चार्ट, सातशे रुपये, नमस्कार.

हिशोब मांडून पाहू. समजा जिल्ह्याच्या गावी खोलीचं भाडं 15,000, मदतनीस मुलीचा पगार 12,000, वीज, फोन, सॉफ्टवेअर मिळून 5,000. महिन्याला 32,000 रुपये जाणारच. एका भेटीचे 700 घेतले तर नुसता खर्च निघायला 46 नवे पेशंट हवेत. पुढच्या महिन्यात पुन्हा नवे 46. आता तीच आहारतज्ज्ञ तीन महिन्यांचे 6,000 घेते. पहिली भेट तासाभराची, मग दर पंधरा दिवसांनी फॉलोअप, मधल्या काळात ताटाचा फोटो पाठवायची मुभा. म्हणजे माणशी महिन्याला 2,000. सोळा जणांत खर्च निघतो. चाळीस जण चालू असले, की 48,000 हातात राहतात, आणि प्रत्येकाचं नाव, सवय, सासूबाईंचा स्वयंपाक तिच्या लक्षात राहतो.

पेशंटचाही फायदा इथंच आहे. रक्तातली साखर तीन महिन्यांत कशी राहिली, हे एचबीएवनसी सांगते. एका भेटीत ती हलत नाही. पहिल्या पंधरवड्यात चपात्या कमी होतात, दुसऱ्यात लग्नसराई येते, तिसऱ्यात माणूस फोन उचलायचा बंद होतो. त्या तिसऱ्या पंधरवड्यात आपणहून फोन करणारी आहारतज्ज्ञ टिकते. तेच पेशंट पुढं बहिणीला घेऊन येतात, जाहिरातीला पैसा लागत नाही.

नातेवाईक आणि सोसायटीतल्या मैत्रिणींचं काय? "एक चार्ट पाठव ना गं व्हॉट्सअ‍ॅपवर." इथं ठाम राहावंच लागतं. रिपोर्ट न बघता, औषधं न विचारता पाठवलेला चार्ट धोक्याचा असतो. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कुणी कडक उपवास धरला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. "येऊन भेट, नीट बघते," हे उत्तर मैत्रिणीच्याही भल्याचं आहे.

(दृश्य : कपाटातले प्रोटीन पावडरचे रंगीत डबे.)

झटपट पैशाची आणखी एक वाट आहे. पावडरीच्या डब्यावर कमिशन, लॅबकडून कट, डॉक्टरांना रेफरन्सचा वाटा. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा 2017 मध्येच तयार झाला होता, त्यावरून हा रोग किती जुना ते कळतं. आमचं स्पष्ट मत आहे, की डबा विकायला लागलेल्या आहारतज्ज्ञाचा सल्ला डब्याच्या दिशेनं झुकतो. फी पुरेशी असेल तर या वाटेला जावं लागत नाही, म्हणूनच पुरेशी फी घेणं महत्त्वाचं. "महिन्यात दहा किलो कमी" अशी हमी देणंही त्याच जातीचं.

कागदपत्रं फार नाहीत. वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर, प्रॅक्टिसचं वेगळं बँक खातं, प्रत्येक फीची पावती, आणि सीएकडे वर्षातून एकदा नव्हे, तिमाहीला चक्कर. ऑनलाइनमुळं न्यू जर्सीतली मराठी सूनही पेशंट होते, तिची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. तिथं ज्वारी कुठल्या दुकानात मिळते, हे मात्र आधी विचारून घ्यावं लागतं.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. लॅपटॉपवर पत्र टाइप होतंय.)

काकूंची एकादशी मोडलेली नाही. खिचडी छोट्या वाटीवर आली, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. लाडू दोनाचा एक. उपवासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं, हे आहारतज्ज्ञ स्वतः ठरवत नाही. ती काकूंच्या डॉक्टरांना एक पानाचं पत्र लिहिते: सध्याचा आहार, केलेले बदल, घरी तपासलेल्या साखरेचे आकडे, आणि डोसबद्दल एक प्रश्न. असं पत्र ती प्रत्येक पेशंटमागे पाठवते. त्याचे पैसे कुणी देत नाही. पण पत्र वाचलेले डॉक्टर पुढच्या वेळी चिठ्ठीवर नुसतं "डाएट करा" लिहीत नाहीत, तिचं नाव आणि फोन नंबर लिहितात.