लेआउट होतात, पेठ होत नाही

मित्रहो, बेळगावच्या वाढीवर बोलायचं तर लोक बायपासपासून, उड्डाणपुलापासून सुरुवात करतात. मी गणपत गल्लीतल्या एका गाळ्यापासून करतो. तिथला जुना गाळा साधारण दहा फूट रुंद असतो. वाहनतळाच्या हिशेबात एका कारला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. पाच मीटर म्हणजे सोळा फुटांहून जास्त. रस्त्याकडेला एक गाडी लागली की दीड दुकान झाकलं गेलं. गाडीचा मालक खरेदीला गेला की दोन तास तरी फिरकत नाही. तेवढ्याच जागेत कडोली-कंग्राळीकडच्या चार बायका पाट्या मांडून बसतात. सकाळी जाऊन बघा. मेथीची पेंढी हातात घेऊन बाई म्हणते, "घे की गं, अजून बोहनी न्हाई," आणि पुढच्याच गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव करते. दुपारपर्यंत पाटी रिकामी होते, बाई बस धरते. त्या जागेवरून दिवसभरात किती घरांची भाजी गेली याचा हिशेब करा आणि मग एका गाडीने ती जागा किती वेळ अडवली ते बघा.

व्यापारी सांगतात, पार्किंग नाही म्हणून धंदा बसला. मला हे पूर्ण पटत नाही. आपली बाजारपेठ बेळगावकरांच्या खरेदीवरच कधी चालली नाही. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरीचं गिऱ्हाईक इथं येतं, सरहद्दीपलीकडून चंदगडचं येतं, चोर्ला घाट चढून गोव्याचं येतं. गोव्याचे लोक लग्नाच्या बस्त्याला गाडी घेऊन येतात, त्यांची गाडी कुठंतरी लागायलाच हवी. पण बाकीचं बहुतेक गिऱ्हाईक बसने उतरतं आणि खडेबाजार, मारुती गल्ली, रामदेव गल्ली पायी पालथी घालतं. जून 2023 मध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, राज्यातल्या महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून बसमध्ये किती बायका उभ्या असतात ते आपण पाहतो. या गिऱ्हाइकाला पार्किंगची एक फूटही जागा लागत नाही. त्यांना लागतो चालायला मोकळा पदपथ, बसायला सावली आणि स्वच्छ स्वच्छतागृह. बाजाराच्या सुधारणेची चर्चा निघते तेव्हा या तीन गोष्टी आपण शेवटी ठेवतो, याचा मला मनापासून राग येतो.

मग गाड्या एवढ्या वाढल्या कुठून? माझं उत्तर असं, की त्या आपण लेआउटमध्ये, म्हणजे शेतजमिनीवर प्लॉट पाडून केलेल्या नव्या वसाहतींत, जन्माला घातल्या. शहराच्या कडेला कुठलाही नवा लेआउट बघा. शेतकऱ्याकडून जमीन एकराने घ्यायची आणि चौरस फुटाने विकायची. तीस-चाळीसचा प्लॉट म्हणजे बाराशे चौरस फूट, गुंठ्याहून थोडा मोठा. रस्ते आखले, गटार काढलं, दगड रोवले, कमान उभी केली, झालं. काही ठिकाणी तर एवढंही नाही, नुसत्या बाँड पेपरवर व्यवहार. दुकानाला जागा नाही, भाजीवाल्याला कोपरा नाही, बस आत वळत नाही. मग कोथिंबिरीच्या एका पेंढीसाठी स्कूटर काढावी लागते. घरात आधी एक दुचाकी येते, मुलगी कॉलेजला गेली की दुसरी, आणि आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं म्हणून कर्ज काढून कार. त्या घराला दोष कसा द्यायचा? गाडीशिवाय जगता येणार नाही अशा जागी आपणच त्यांना घर दिलं.

गाडी आली की घरासमोर रॅम्प येतो. फाटकापासून उतरता काँक्रीटचा रॅम्प गटारावरून थेट रस्त्यावर. शेजाऱ्याचा थोडा उंच, त्याच्या शेजाऱ्याचा आणखी पुढे. चालणाऱ्याला पदपथ उरत नाही, गटार साफ करायला फट राहत नाही, पहिल्या वळवाला पाणी रस्त्यावर. एवढी छोटी गोष्ट, पण एका गल्लीत वीस रॅम्प झाले की तिथं म्हातारं माणूस चालेनासं होतं.

पूर्वीची वाढ अशी नव्हती. टिळकवाडी हा गावाबाहेरचाच विस्तार. पण तिथं सोमवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ अशा वारांच्या पेठा आहेत. किराणा, पिठाची गिरणी, शिंपी, दवाखाना, सगळं पायी. शहापूर-वडगावात तर राहतं घर आणि माग एकाच छपराखाली. वस्ती वाढवताना बाजारही सोबत न्यायचा असतो, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अमेरिकेत हे सगळं आपल्या आधी घडून गेलंय. व्हिक्टर ग्रुएन नावाचा वास्तुविशारद 1938 साली व्हिएन्ना सोडून तिकडे गेला. गाडीतून उतरून माणसांनी पुन्हा एकत्र चालावं, म्हणून त्याने मिनेसोटा राज्यातल्या एडिना इथं साउथडेल हे पूर्ण छताखालचं वातानुकूलित बाजारसंकुल उभारलं. ते 1956 मध्ये उघडलं. त्याच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाने होते. प्रत्यक्षात मॉल झाला, आणि भोवती गाड्यांचा तळ. त्याच नमुन्याचे मॉल देशभर झाले, जुन्या गावांतल्या पेठा ओस पडल्या. पुढे ग्रुएनने स्वतःच या मॉलशी नातं नाकारलं.

आपल्याकडे नुकसान दुहेरी आहे, कारण आपला विस्तार भातावर होतोय. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांतल्या बासमतीचं नाव घरोघर आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी याच पट्ट्यातल्या सुपीक जमिनी गेल्या. शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, आणि ते हटवादी आहेत असं शहरात बोललं गेलं. मला ते हटवादी वाटत नाहीत. बळ्ळारी नाल्याला पूर आला की हेच शिवार पाणी धरतं. तिथं भराव पडला तर ते पाणी शहरातच घुसणार. आणि बायपासने गावातली कोंडी थोडी सुटेलही, पण रस्ता झाला की दोन्ही बाजूंना प्लॉटचे दगड पडतात, हे निपाणीपासून धारवाडपर्यंत हमरस्त्याने जाताना कुणालाही दिसतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बुडाने, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने, लेआउटला मंजुरी देताना उद्यानाची जागा बघतात तशीच दुकानांची आणि भाजी-कट्ट्याची जागा बघावी, आणि ती प्लॉट विकण्याआधी बांधून घ्यावी. बस आत वळेल एवढा एक तरी रस्ता असावा. रॅम्प घराच्या हद्दीतच संपावा. खडेबाजार आणि गणपत गल्लीत निदान आठवडी बाजाराच्या शनिवारी कार बंद ठेवून बघाव्यात. गोव्याच्या गाड्यांसाठी कडेला तळ करावा आणि तिथून फेरीची बस सोडावी. व्यापाऱ्यांनी महिनाभर गल्ला मोजावा आणि मग माझ्याशी भांडायला यावं, मी तयार आहे.

शहराच्या बृहत् आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतींसाठी मुदत दिलेली असते. आपण बहुतेक जण त्यात आपला सर्व्हे नंबर तेवढा शोधतो. या वेळी आपल्या घरापासून सगळ्यात जवळचं दुकान कुठं दाखवलंय ते शोधा, आणि दाखवलं नसेल तर तीच हरकत लेखी द्या.