योना निनवेला गेला, पण मनानं गेलाच नाही

सगळ्यांना सलाम. बायबलमधला संदेष्टा योना, देवानं निनवे शहरात जा म्हटल्यावर उलटा पळालेला, आपल्याला संडेस्कूलपासून माहितीय, पण आपण त्याला माशाच्या पोटात नाहीतर फारतर किनाऱ्यावर सोडून देतो, पुढचं कुणी वाचतच नाही. त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देव त्याला दुसऱ्यांदा सांगतो आणि यावेळी तो निनवेला जातो, चाळीस दिवसांत शहराचा नाश होईल असा इशारा देतो, आणि राजापासून सगळं शहर गोणपाट नेसून पश्चात्ताप करायला लागतं. एवढं यश कुठल्या उपदेशकाला मिळालंय सांगा! आणि चौथ्या अध्यायात हाच माणूस शहराबाहेर मांडव घालून बसलाय, देवानं शहराला माफ केलं या रागानं, देवाला म्हणतोय मला मरण दे. सांगितलं ते केलं त्यानं, पण मनानं तो निनवेला गेलाच नाही.

लूकच्या शुभवर्तमानात १५ व्या अध्यायातल्या, उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला मुलगा पण तसाच. धाकटा पैसे उडवून परत आला म्हणून बापानं मेजवानी दिली, तर हा बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, कधी आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं करडू दिलं नाही! म्हणजे घरात राहून हा मनात हिशोब लिहीत होता. मला या माणसाची फार काळजी वाटते, कारण चर्चमधे नियमित येणारे आपण सगळे त्याच्या जवळचे आहोत, उपास करतो, दशमांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देतो, कमिटीत राबतो, आणि मग कुणी नाव घेतलं नाही की आठवडाभर तोंड फुगलेलं.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेला महापूर आला तेव्हा कोल्हापुरात भाकऱ्या करा म्हणून कुणाला सांगावं लागलं का? संकटात मन आपोआप तयार होतं, खरी अडचण पाणी ओसरल्यावर येते, तोच शेजारी परत आपल्या दारात गाडी लावतो तेव्हा. किंवा शिरोली एमआयडीसीत शिफ्ट संपताना कुणीतरी म्हणतं, प्रॉडक्शनचा आकडा जरा वाढवून लिही, कोण बघतंय. तिथं नाही म्हणायचं, आणि तेही नोकरी जाईल का या भीतीत असताना, हे पुरातल्या शंभर भाकऱ्यांपेक्षा जड आहे असं मला वाटतं.

एक गोष्ट मधेच सांगतो कारण ती सांगायलाच पाहिजे. देवाची आज्ञा म्हणजे देवाचं नाव घेऊन कुणीही काहीही सांगेल ते नव्हे. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, सरळ सांगितलं की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे (प्रेषितांची कृत्ये ५:२९). नवऱ्याचा मार सोसणं ही आज्ञाधारकता नाही, बाई. मदत मागा.

तर मन तयार कसं करायचं? मला वाटतं आपण ते करूच शकत नाही, ते मागायचं असतं. स्तोत्र ५१ मधे दावीद राजानं एवढं मोठं पाप केल्यावर क्षमा तर मागितलीच, पण आनंदानं आज्ञा पाळणारा आत्मा पण मागितला. आणि प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो की इच्छा करणं आणि कृती करणं दोन्ही देवच तुमच्यात घडवतो (२:१३). म्हणून सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी, जी गोष्ट आपण टाळतोय ती नाव घेऊन देवाला सांगा, मला हे करायचं नाहीये हेही सांगा. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलंच ना, तीनदा प्रार्थना केली, आणि मग उठून चालायला लागला. नको वाटणं हे पाप नाही.

बरेच जण विचारतात, मन तयार होईपर्यंत थांबायचं का. नाही हो. येशूचा शिष्य पेत्र मासे धरायला रात्रभर राबून रिकाम्या हातानं आलेला, जाळी धुवून झालेली, येशूनं परत जाळी टाक म्हटलं ते त्याला पटलं होतं असं वाटत नाही, तरी तुमच्या शब्दावरून टाकतो म्हणाला आणि टाकली. बांधावरून भावाशी बोलणं बंद असेल तर आज घरी गेल्यावर फोन लावा. मोजणीचा विषय काढू नका, कोर्टाचा तर नाहीच, वहिनीची तब्येत विचारा, ऊस कारखान्याला गेला का विचारा, आणि त्यानं फोन कट केला तर परवा परत लावा.