ओळ तोडायची कुठे?

[दृश्य : ठाण्याची तलावपाळी, संध्याकाळ. मांडीवर वही, हातात पेन्सिल.]

हे बघा, एक ओळ लिहितेय, मध्ये जागाच न सोडता, जुन्या पोथीत असते तशी. सआत्मातत्त्वमसिश्वेतकेतो. छांदोग्य उपनिषद, अध्याय ६. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला हे सांगतोय, आणि एकदा नाही, तब्बल ९ वेळा.

आता तोडा ही ओळ. 'आत्मा, तत् त्वम् असि' केलंत तर ते, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं ब्रह्म, तू आहेस. पण 'त्मा'मधल्या त्या काण्यात संधी लपलेला असू शकतो, 'आ' आणि 'अ' मिळून एकच 'आ', मग होतं 'आत्मा, अतत् त्वम् असि', म्हणजे ते तू नाहीस! व्याकरणाला दोन्ही चालतं. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी हा दुसरा अर्थ लावला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही सरळ पळवाट वाटली होती, आता नाही वाटत, कारण ते म्हणतात दृष्टांत बघा ना, दोरीला बांधलेला पक्षी दमून परत बांधल्या जागी येतो, पण पक्षी आणि ती जागा एक आहेत का?

बरं, लिहिणाऱ्याला विचारावं तर मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या मते वेद अपौरुषेय, लिहिणाराच नाही. म्हणून तर त्यांनी वाक्य लावायचे नियम बांधले. सुरुवात आणि शेवट जुळतात का, पुन्हा पुन्हा काय येतं, असल्या खुणा. वेदान्त्यांनी, म्हणजे उपनिषदांवर मत मांडणाऱ्या या आचार्यांनीही तेच उचललं.

शंकराचार्यांच्या परंपरेतलं उत्तर ठाण्यात आणून सांगते. शाळेतला मित्र २५ वर्षांनी स्टेशनवर दिसतो, आपण ओरडतो 'अरे, हा तोच!' तेव्हा तो गणवेश आणि हे पिकलेले केस दोन्ही बाजूला पडतात, माणूस तेवढा उरतो. तसंच 'तत्' आणि 'त्वम्'चं. रामानुजाचार्य काहीच बाजूला टाकत नाहीत, जीव हे ब्रह्माचं शरीर, त्यामुळे 'तू' हा शब्द थेट आतल्या अंतर्यामीपर्यंत पोचतो.

[दृश्य : नौपाडा, एका घरातला हॉल.]

इथे दर गुरुवारी सात-आठ जण उपनिषद वाचायला बसतात. या वेळी त्याच अध्यायातला मिठाचा दृष्टांत होता, पाण्यात विरघळलेलं मीठ दिसत नाही पण सगळीकडे असतं, तर काकूंनी खरंच रात्री पातेल्यात मीठ टाकून ठेवलेलं. सगळ्यांनी वरचं चाखलं, मधलं चाखलं, तळाचं चाखलं.

काका म्हणाले, "मीठ पाण्यात आहे, कबूल. पण मीठ म्हणजे पाणी नव्हे."

काकूंनी पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. "मग दाखवा वेगळं काढून."