पापण्या आपोआप मिटतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. डोळा लवला की आपल्याकडे आधी ‘उजवा की डावा’ हे विचारले जाते. जागरणाने किंवा चहा-कॉफीच्या अतिरेकाने एका पापणीला सुटणारी ती फडफड बहुधा काही दिवसांत आपोआप थांबते. आज मी बोलणार आहे ते ‘ब्लेफरोस्पाझम’ या विकाराविषयी. यात दोन्ही डोळे मनात नसताना घट्ट मिटतात. दृष्टी शाबूत असते, पापण्या मात्र उघडत नाहीत. पुन्हा सांगतो, दृष्टी शाबूत असते.

आमच्या आत्यांना हा त्रास 58व्या वर्षी सुरू झाला. एका दुपारी बाजारातून परतताना भर रस्त्यात त्यांचे डोळे मिटले, तेव्हा एका हाताने भाजीची पिशवी सांभाळत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर धरून त्यांनी कसाबसा रस्ता ओलांडला. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, ‘मनाचे खेळ आहेत’ असेही ऐकून झाले. असे सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो, कारण त्यापायी आत्या दोन वर्षे स्वतःलाच दोष देत राहिल्या. पुढे एकदा तांदूळ निवडताना त्या जात्यावरची ओवी गुणगुणत होत्या आणि ताटातला खडा न् खडा त्यांना दिसत होता. ओवी थांबली की पापण्या मिटत. पुन्हा सुरू केली की उघडत. तेव्हापासून रस्ता ओलांडायचा झाला, की आत्या पदर सावरून आधी ओवी धरीत.

गुणगुणणे, बोलणे, कानशिलाला बोट लावणे अशा युक्त्यांनी अनेक रुग्णांना घटकाभर उसंत मिळते. या विकाराचे मूळ मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या चुकीच्या आदेशांत असते. प्रखर उजेड, वारा आणि थकवा यांनी तो बळावतो. लग्नाच्या कार्यालयांतले ते पांढरेफेक दिवे तर निरोग्यालाही सोसत नाहीत. गुलाबीसर काचांचा चष्मा आणि डोळ्यांच्या कोरडेपणावरचे थेंब यांचा उपयोग होतो. मुख्य उपचार म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे ‘बोटॉक्स’सारख्या औषधाची, इंजेक्शने. अमेरिकेत त्यांना 1989 साली मान्यता मिळाली. त्यांचा गुण साधारण तीन महिने टिकतो, मग ती पुन्हा घ्यावी लागतात. त्रास असताना वाहन चालवू नये. एकाच बाजूचा डोळा आणि गालही ओढला जात असेल, तर तो विकार निराळा. मेंदूविकारतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे.

आत्यांच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता पुढच्या इंजेक्शनच्या तारखेभोवती लाल गोल असतो. ओवी मात्र त्यांनी सोडलेली नाही.