दोरू नदीतून, संथ बोटीने, भिंती बघत

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला पोर्तुगालच्या दोरू नदीवर घेऊन जाणार आहे. स्पेनच्या डोंगरात उगम पावून ही नदी जवळजवळ 900 किलोमीटर वाहत येते आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. स्पेनच्या हद्दीवरच्या बार्का द'आल्वा गावापासून समुद्रापर्यंतचा जो दोनशे किलोमीटरच्या थोडा वरचा पट्टा आहे ना, तेवढ्यात बोटी चालतात. हल्ली आपल्याकडचे बरेच जण युरोपात रिव्हर क्रूझ करतात, ऱ्हाईन झाली, डॅन्यूब झाली, मग कोणीतरी दोरूचं नाव सुचवतं आणि विचारलं की वर्णन काय मिळतं, तर मस्त डेकवर बसायचं, वाइन प्यायची, दोन्ही बाजूला द्राक्षाचे मळे. हे खरं आहेच, पण मला वाटतं तिथे बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ग्लासात नाहीये, ती डोंगरावर आहे. त्या दगडी भिंती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ही नदी आज जेवढी शांत दिसते तेवढी ती कधीच नव्हती, तिला शांत केलेलं आहे.

आधी थोडा भूगोल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोर्तो समुद्राकाठी, तिथे पाऊस भरपूर, हवा थंड आणि दमट. पण नदीने आत शंभरेक किलोमीटर गेलं की मारांव नावाची डोंगररांग आडवी येते आणि ढग तिथेच अडतात. आपल्याकडे कोकणात धो धो आणि घाट चढून माण खटावला गेलं की कोरडं, तसाच प्रकार. रांगेच्या पलीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हिवाळ्यात गारठा. तिथले लोकच म्हणतात की इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. आणि जमीन म्हणावी तर माती जवळपास नाहीच, सगळा शिस्ट दगड, म्हणजे पापुद्र्या पापुद्र्यांचा, पाटीच्या दगडासारखा. हे पापुद्रे उभे असल्यामुळे वेलीची मुळं त्यांच्या फटींतून खोल खोल जातात, पाणी शोधत. दिवसा तापलेला दगड रात्रीसुद्धा ऊब देत राहतो. गहू काय किंवा दुसरं काय, फारसं काही येत नाही अशा जागी द्राक्ष आणि ऑलिव्ह तेवढे तग धरतात.

पण उभ्या उतारावर वेल लावायची कशी? तर माणसांनी तो शिस्ट फोडला, त्याचे तुकडे एकावर एक रचून भिंती बांधल्या, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि त्या भिंतीमागे फोडलेल्या दगडाचा चुरा भरून मातीसारखं काहीतरी तयार केलं. नदीपासून पार डोंगरमाथ्यापर्यंत अशा पायऱ्या. हे काम करायला स्पेनच्या गॅलिसियातून मजुरांच्या टोळ्या यायच्या, मिळेल ते खाऊन राबायच्या. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. बोटीवर गाइड बोलतो तो बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांचं नाव घेऊन बोलतो, आणि डोंगरावर पांढऱ्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत नावंही कंपन्यांचीच दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. 2001 साली युनेस्कोने या आल्तो दोरू भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती कुठल्या राजवाड्यासाठी नाही, या माणसांनी घडवलेल्या डोंगरांसाठी दिली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता वाइनकडे येऊ. अठराव्या शतकात इंग्लंडला पोर्तुगालची वाइन हवी होती, कारण फ्रान्सशी त्यांचं सतत भांडण, आणि 1703 च्या मेथ्यूएन करारात पोर्तुगीज वाइनवरची जकात कमी केली होती. मागणी वाढली तशी भेसळही वाढली, एल्डरबेरीचा रस घालून रंग गडद करायचे वगैरे, मग नाव खराब झालं, भाव कोसळले. त्या वेळी पोर्तुगालचा सर्वेसर्वा मंत्री होता पोंबाल, लिस्बनच्या 1755 च्या भूकंपानंतर ते शहर ज्याने उभं केलं तोच. त्याने 1756 च्या सप्टेंबरमधे एक सरकारी कंपनी काढली आणि पोर्ट वाइन कुठल्या जमिनीतून यायला हवी याची हद्दच आखून टाकली. हद्द दाखवायला ग्रॅनाइटचे उंच खांब रोवले, तीनशेच्या वर, त्यातले काही अजून उभे आहेत. वाइनच्या प्रदेशाची सीमा ठरवण्याचा प्रकार टस्कनीत 1716 ला झाला होता, पण हद्द, प्रत, भाव, देखरेख हे सगळं एकत्र कायद्यात बसवायचं काम इथे झालं. पोंबाल काही संत नव्हता, पोर्तोतल्या गुत्तेवाल्यांनी आणि सामान्य लोकांनी 1757 मधे या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दंगा केला तर त्याने लोकांना फासावर चढवलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

आणि हो, गोव्याहून येताना लोक जी स्वस्त गोड पोर्ट वाइन आणतात ना, तिचं नाव या पोर्तोवरून आलंय, पण वस्तू वेगळी. खरी पोर्ट अशी बनते की द्राक्षाचा रस आंबायला लागला, अर्धीअधिक साखर संपत आली की त्यात द्राक्षापासूनच काढलेलं 77 टक्क्यांचं कडक मद्य ओततात, आंबणं तिथेच थांबतं, गोडी शिल्लक राहते आणि दारूचं प्रमाण विसाच्या आसपास जातं. त्यासाठी द्राक्षं तुडवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. ग्रॅनाइटच्या बुटक्या, रुंद हौदात माणसं गुडघ्यावर येईल एवढ्या द्राक्षात खांद्यावर हात टाकून रांगेने उभी राहतात, पहिले दोनेक तास एका ठेक्यात, डावा उजवा, कोणी बोलायचं नाही, आणि ते झालं की मोकळीक, मग अकॉर्डियन वाजतो, गाणी, नाच. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत पण काही मळ्यांत चांगल्या वाइनसाठी अजून पायानेच तुडवतात, कारण पायाने बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही.

बरं, ही वाइन पोर्तोपर्यंत जायची कशी, तर नदीनेच. दुसरा रस्ताच नव्हता. राबेलो नावाच्या सपाट तळाच्या लाकडी बोटी, एक चौकोनी शीड, आणि मागे एवढं लांब सुकाणूचं वल्हं की ते मारायला उंच मचाणावर उभं राहावं लागायचं. साडेपाचशे लिटरची एकेक बॅरल, अशा डझनावारी बॅरल लादून ती बोट हिवाळा वसंतात खळाळत्या पाण्यातून, खडकांच्या मधून खाली यायची. परत जाताना वारा असला तर शीड, नसला तर काठावरून बैलांनी आणि माणसांनी दोर लावून ओढायची. बोटी फुटायच्या, माणसं बुडायची, हे नेहमीचं होतं. काठावर तुम्हाला लहान लहान देवळं दिसतात, म्हणजे चॅपेल, ती बघताना हे लक्षात ठेवा.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे वालेरा. तिथे एक मोठा खडक नदी अडवून होता, त्याच्या वर बोट जाऊच शकत नव्हती. 1780 पासून दहा बारा वर्षं सुरुंग लावून तो फोडला तेव्हा वरचा भाग उघडला आणि तिकडे नवे मळे झाले. पण धार राहिलीच. 1861 च्या 12 मे ला जोसेफ फॉरेस्टर नावाचा इंग्रज तिथे बुडाला. हा साधा व्यापारी नव्हता, अख्ख्या नदीचा तपशीलवार नकाशा त्याने काढला होता, प्रत्येक खडक आणि वळण माहीत असलेला माणूस, आणि त्याच नदीने त्याला नेलं, देह सापडला नाही. त्याच बोटीत दोना आंतोनिया फेरेरा होती, ती वाचली, आणि लोक सांगतात की तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवलं. झग्याची गोष्ट ऐकीव, पण बाई खरीखुरी, आणि मला तिच्याबद्दल फार आदर आहे. तरुणपणी विधवा झाली, नवऱ्याचा धंदा हातात घेतला आणि दोरूतली सगळ्यात मोठी मळेवाली झाली, लोक प्रेमाने फेरेरिन्या म्हणायचे.

तिच्याच काळात फिलॉक्सेरा आला. आपल्या नाशिक सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांनी हा भाग जरा कान देऊन ऐकावा. अमेरिकेतून आलेला मावा जातीतला हा बारीक किडा वेलीच्या मुळांवर बसतो, 1860 च्या दशकात तो दोरूत शिरला आणि एकामागून एक डोंगर वाळत गेले. औषध सापडेना. शेवटी उपाय असा निघाला की मूळ अमेरिकन वेलीचं, जिला या किड्याची सवय आहे, आणि वर कलम आपल्या द्राक्षाचं. आज महाराष्ट्रात डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन किंवा दुसरी जात कलम करतात, ते आपण खारं पाणी आणि दुष्काळ झेपावा म्हणून करतो, कारण वेगळं, पण विद्या तीच. ज्यांची ऐपत नव्हती त्यांनी मळे तसेच सोडले, घरं सोडून ब्राझीलला गेले. त्या पडीक पायऱ्या डोंगरावर अजून दिसतात, भिंती ढासळलेल्या, मधून झुडपं, कुठे ऑलिव्ह, कुठे बदाम. त्यांना तिथे मोर्तोरियो म्हणतात, मेलेली जागा. बोटीतून जाताना हिरव्या मळ्याशेजारी असा एखादा पट्टा दिसला की लोक कॅमेरा खाली करतात. करू नका, तोच नीट बघा, कारण ती कलमं लागली नसती तर सगळा डोंगर तसाच दिसला असता.

मग नदी शांत कधी झाली? 1960 नंतर. विजेसाठी एकामागून एक धरणं बांधली, बोटीच्या वाटेवर अशी पाच आहेत आणि प्रत्येकाला बोटीसाठी लॉक आहे, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर खाली करणारी दारांची खोबण. पोर्तोहून निघालं की क्रेश्तुमा, मग कारापातेलो, रेग्वा, वालेरा आणि शेवटी पोसिन्यो. राबेलोंची मालवाहतूक 1964 च्या सुमारास संपली, आता त्या पोर्तोसमोर गाया नावाच्या शहराच्या धक्क्यावर कंपन्यांची नावं लिहून बांधून ठेवल्यात, आणि सेंट जॉनच्या सणाला 24 जूनला त्यांची शर्यत लागते. आख्खा जलमार्ग 1990 मधे खुला झाला.

कारापातेलोचं लॉक तर पाहावंच असं आहे, झोपू नका त्या वेळी. बोट एका अरुंद, उंच, ओल्या काँक्रीटच्या खोबणीत शिरते, दोन्ही बाजूला हात लावता येईल एवढीच जागा, मागचं दार खाली येतं आणि पाणी भरायला लागतं, अख्खी बोट, केबिन जेवणघर सगळ्या लोकांसकट, 35 मीटर वर उचलली जाते. वर आल्यावर एकदम उजेड आणि समोर पसरलेलं तळं. काही पुलांखालून जाताना कप्तानाची खोलीच खाली सरकवतात, डेकवरचे लोक खुर्चीत बसून राहतात. आणि रात्री या नदीवर क्रूझ बोटी चालवत नाहीत, काठाला लागतात, त्यामुळे तुमचं काहीही बघायचं सुटत नाही. दोरूचा हा मोठा फायदा.

रेग्वा ते पिन्यांव या दोन गावांमधला तुकडा सगळ्यात देखणा. पिन्यांवला उतरलात तर रेल्वे स्टेशनवर जा, निळ्या पांढऱ्या टाइल्सवर सुगीची चित्रं आहेत, बायका द्राक्षं खुडतायत, पुरुष पाठीवर टोपल्या घेऊन उतरतायत, 1937 चं काम आहे. तिथे बसून अर्धा तास काढला तरी कमी पडतो. पुढे वालेरा ओलांडलं की काठ उंच आणि ओसाड होतात, गर्दी कमी होते, आणि कोआ नदी येऊन मिळते. तिच्या खोऱ्यात वीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी उघड्या शिस्टवर घोडे, बैल, बोकड कोरून ठेवलेत. 1990 च्या दशकात तिथे धरण होणार होतं, काम सुरूही झालं होतं, पण लोक उठले, शाळेतली पोरं उठली, आणि सरकारने काम थांबवलं, 1998 ला तेही जागतिक वारसा झालं. जिथे पाच धरणांनी सगळी नदी बदलली तिथे हे एक खोरं वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे.

एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतेच. क्रूझवाले लोक खातात बोटीवर, झोपतात बोटीवर, बस येते, मळ्यात नेते, टेस्टिंग करते, परत आणते. गावातल्या माणसाच्या हातात फारसं काही पडत नाही. या खोऱ्यात हजारोंनी छोटे शेतकरी आहेत, तुकड्या तुकड्यांची जमीन, कुठल्या तुकड्यातून दरवर्षी किती पोर्ट बनवायची हे वरून ठरतं, जमिनीची अ ब क ड अशी प्रतवारी असते, आणि खुडायला माणसं मिळत नाहीत कारण तरुण पोरं शहरात गेली. तेव्हा बोट थांबली की एक जेवण तरी गावात करा. आपल्या शाकाहारी मंडळींनी काल्दो वेर्द, म्हणजे कोबीच्या जातीतल्या हिरव्या पाल्याचं बटाट्याचं सूप, मागावं, पण त्यात सॉसेजचा तुकडा टाकतात तर आधीच नको म्हणून सांगावं आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारावं. तिथलं ऑलिव्ह तेल, बदाम, ब्रेड, एवढ्यावरही पोट भरतं. जे पीत नाहीत त्यांनी संकोच करू नये, ऑलिव्ह तेलाचं टेस्टिंग बऱ्याच मळ्यांत असतं.

सगळ्यांना आठवड्याची क्रूझ परवडते असं नाही, तर त्याची काळजी करू नका. पोर्तोहून रेग्वापर्यंत एका दिवसाच्या बोटी असतात, जाताना बोट आणि येताना रेल्वे. किंवा नुसती रेल्वे, ती पुढे मैलोन् मैल नदीला चिकटून जाते, जाताना उजवीकडची खिडकी धरा. पिन्यांवला राबेलोच्या धर्तीच्या छोट्या बोटी तासभर फिरवून आणतात, तेवढ्यातही भिंती जवळून दिसतात. जुलै ऑगस्ट टाळा, ऊन सहन होत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी वरच्या भागात बदाम फुलतो पण तेव्हा मोठ्या बोटी सहसा सुरू झालेल्या नसतात, म्हणजे रेल्वेच बरी. सुगी सप्टेंबरात, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही जास्त, पण ज्याने आयुष्यभर द्राक्ष पिकवलंय त्याने त्याच महिन्यात जावं, मळ्यात उतरून तिथल्या शेतकऱ्याला छाटणी कधी करता म्हणून विचारावं, तो हिवाळ्यात एकदाच म्हणेल, मग आपण एप्रिलची आणि ऑक्टोबरची सांगावी, आणि पुढचा तासभर दुभाष्याला बसू देऊ नये.

नमस्कार.